टेस्ट ट्यूब फसल्यावर आयुर्वेद : काय होतं, काय होत नाही

कोणी तेंदूचे पुडे बांधता बांधता ऐकत असेल, कोणी चुलीपाशी बसून. आजचा विषय असा आहे की तो मोठ्यानं बोलला जात नाही. म्हणून सांगते, रेडिओचा आवाज कमी करायचा असेल तर करा, पण बंद करू नका.

आमच्या एका गटाच्या बैठकीत कर्जाचा अर्ज आला. रक्कम २५,००० रुपये, कारण लिहिलं होतं शेळी. अर्ज करणारी ताई गटात आठ वर्षं आहे, एक हप्ता चुकला नाही तिचा. पण शेळीचं नाव काढलं की ती खाली पाहत होती. बैठक संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाली, "शेळी नाही ताई. औषध आहे. पोरासाठी." तिच्या परवानगीनं हे सांगते आहे. गावाचं नाव घेणार नाही, तिचंही नाही.

लग्नाला बारा वर्षं. आधी पुजाऱ्याकडे, मग नवस, मग नागपूरला टेस्ट ट्यूब. कागदावर त्याला आयव्हीएफ लिहितात. एका खेपेला दीड लाखाच्या वर गेले, धानाचं एक बांधीचं वावर गहाण पडलं. पहिली खेप फसली, दुसरीही फसली. घरी दुसऱ्या लग्नाची कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात आठवडी बाजारात कोणी एक पत्रक दिलं : आयव्हीएफ फेल झालं तरी निराश होऊ नका, ९० दिवसांचा आयुर्वेदिक संतती कोर्स, खात्रीशीर. किंमत २५,०००.

आम्ही अर्ज नाकारला नाही, आठ दिवस पुढे ढकलला. तिला सांगितलं, पुढच्या बैठकीला टेस्ट ट्यूबची पूर्ण फाईल घेऊन ये. ती रागावली. "शेळीसाठी कोणाला फाईल मागता का?" म्हणाली. बरोबर होतं तिचं. पण त्या फाईलमध्ये काय सापडलं ते पुढे सांगते. आधी टेस्ट ट्यूब म्हणजे काय आणि आयुर्वेद या बाबतीत काय म्हणतो, ते नीट समजून घेऊ.

टेस्ट ट्यूब ही काही आजकालची गोष्ट नाही. जगातलं पहिलं असं बाळ १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलं. त्याच वर्षी कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनीही ते करून दाखवलं, पण त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. १९८६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून असं बाळ जन्मलं, ते महापालिकेच्या दवाखान्यात, हे लक्षात ठेवा. यात बाईला इंजेक्शनं देऊन एकाच महिन्यात बरीच बीजं तयार करतात, ती सुईनं काढतात, नवऱ्याच्या शुक्रजंतूंशी प्रयोगशाळेत जुळवतात, आणि तयार झालेला गर्भ तीन-पाच दिवसांनी पिशवीत सोडतात. इथवर डॉक्टरांच्या हातात असतं. पुढे तो गर्भ पिशवीला चिकटतो की नाही, हे कोणाच्याच हातात पूर्ण नसतं. तरुण वयातसुद्धा एका खेपेला निम्म्याहून जास्त बायकांच्या पदरी निराशा येते, चाळिशीनंतर तर फारच. म्हणून खेप फसली याचा अर्थ बाईत खोट आहे असा नाही. बीज रोवलं आणि उगवलं नाही, एवढंच.

शेतीचं उदाहरण मी मुद्दाम दिलं नाही, ते आयुर्वेदातच आहे. सुश्रुतसंहितेत गर्भ राहायला चार गोष्टी सांगितल्या आहेत : ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. ऋतू म्हणजे योग्य वेळ, महिन्यातलीही आणि वयातलीही. क्षेत्र म्हणजे जमीन, बाईची पिशवी आणि तिचा मार्ग. अंबू म्हणजे पाणी, अंगातला रस, पोषण. बीज म्हणजे बियाणं, आणि ते दोघांचं. धान पेरणाऱ्या बाईला हे दुसऱ्या कोणी समजावायची गरज नाही. पाऊस चुकला, बांध फुटला, खत नाही, बियाणं पोचट, यातलं एक जरी झालं तरी पीक येत नाही. आता बघा, हजारो वर्षांपूर्वीच्या पुस्तकात बियाणं दोघांचं म्हटलं आहे, आणि आपल्याकडे अजून तपासणीला एकटी बाईच जाते.

मग टेस्ट ट्यूब फसल्यावर बाई चांगल्या, शिकलेल्या वैद्याकडे गेली तर तो काय करतो? तो आधी नाडी, जीभ, पोट पाहतो, पाळीचा इतिहास विचारतो, भूक, झोप, शौच विचारतो. मग बहुतेक वेळा म्हणतो, तीन महिने थांबा, आधी शरीर तयार करू. या तीन महिन्यांत तथ्य आहे. पुरुषाचा शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, आणि बाईच्या बीजाची शेवटची वाढही काही महिने चालते. म्हणजे आज सुधारलेल्या खाण्यापिण्याचा परिणाम दिसायला एवढा वेळ लागणारच. दोन खेपांच्या इंजेक्शनांनी दमलेल्या शरीरालाही विसावा मिळतो, आणि मनालाही. चरकानं तर गर्भ राहण्यासाठी सगळ्यांत श्रेष्ठ गोष्ट कोणती याचं उत्तर मनाची प्रसन्नता असं दिलं आहे. सासरी टोमणे चालू असताना ती कुठून आणायची, हे मात्र त्यात लिहिलेलं नाही.

औषधांत शतावरी, अश्वगंधा, फलघृत, बाळंतशेपा, अशोकाची साल, लोध्र अशी नावं ऐकू येतात. शतावरी आपल्याच जंगलात आहे, तिची मुळं काढून विकणाऱ्या बायाही मी पाहिल्या आहेत. पण ओळखीची वनस्पती म्हणून स्वतःच कुटून खाऊ नका. टेस्ट ट्यूबची इंजेक्शनं चालू असतील तेव्हा तर कोणताही पाला डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको, कारण त्या वेळी शरीरातल्या संप्रेरकांचं माप काटेकोर ठेवलेलं असतं.

दुसरा भाग पंचकर्माचा. विरेचन म्हणजे काही दिवस वाढत्या मापात औषधी तूप पाजतात, मग तेलमालीश आणि शेक, मग जुलाबाचं औषध, आणि त्यानंतर पेजेपासून सुरू करून हळूहळू जेवणावर आणतात. बस्ती म्हणजे गुदमार्गातून तेल आणि काढा देणं, आठ, पंधरा किंवा तीस दिवसांचा क्रम असतो. उत्तरबस्ती म्हणजे पाळी थांबल्यावर औषधी तेल किंवा तूप पिशवीत सोडणं. हे शेवटचं काम नाजूक आहे. जिथं हत्यारं नीट निर्जंतुक होत नाहीत तिथं उत्तरबस्तीतून पिशवीत जंतू जातात, आणि मुळात ज्या दुखण्यापायी लेकरू होत नव्हतं तेच वाढतं. ती स्त्रीरोग आणि प्रसूतितंत्रात एम.एस. केलेल्या वैद्यानंच, दवाखान्यातच करावी. नागपूरला सक्करदऱ्याजवळ शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, रुग्णालयासह. नागपूरला जायचंच असेल तर पत्रकावरच्या नंबरावर जाण्यापेक्षा तिथं आधी जा.

आता जरा थांबून आपल्या भागाबद्दल बोलते, कारण शहरातल्या पुस्तकांत हे लिहिलेलं नसतं. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल आहे, प्रत्येक गावात कोणी ना कोणी आहे. सिकलसेलचा रुग्ण असलेल्या बाईच्या अंगातलं पाणी कमी झालं की रक्तपेशी वाकड्या होऊन अडकतात आणि जीवघेण्या वेदना सुरू होतात. वमन, विरेचन, उपास, जोराचा घाम काढणं, या सगळ्यांत पाणीच कमी होतं. म्हणून पंचकर्माआधी सिकलसेलची तपासणी झालीच पाहिजे. वैद्यानं विचारलं नाही तर आपण सांगायचं. आणि रक्त कमी असलेल्या, हाडकुळ्या बाईला जुलाब देऊन शुद्धी करणं म्हणजे सुकलेल्या वावरातून पाणी काढून टाकणं. शहरात वजन जास्त म्हणून पाळी चुकणाऱ्या बायका असतात, त्यांना थोडं वजन उतरलं तरी फायदा होतो. आपल्याकडे बहुतेक वेळा उलट आहे. तिला लोहाच्या गोळ्या, डाळ, अंडी, शेंगदाणा, शेवग्याचा पाला लागतो. सिकलसेलचं दुसरंही एक कारण आहे. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. लेकरासाठी एवढं झिजण्याआधी ते माहीत असावं.

दुसरी गोष्ट खर्र्याची. नवरा दिवसाला सात-आठ पुड्या खातो आणि बाई काढा पिते, हे चित्र मी किती घरांत पाहिलं. तंबाखूनं शुक्रजंतूंची संख्या आणि चाल दोन्ही बिघडतात. दारूनंही. बायकांचा गुडाखू आणि नसही त्यातच धरा. वीर्याची तपासणी ही या सगळ्यांतली सगळ्यांत स्वस्त आणि सोपी तपासणी आहे, सुई लागत नाही, काही दुखत नाही. तरी ती सगळ्यांत शेवटी होते, किंवा होतच नाही. एक मामा मला म्हणाले, "मले का झालं? मी तं धडधाकट आहो." धडधाकट असण्याचा आणि शुक्रजंतू असण्याचा काही संबंध नसतो. लेकरू न होण्याच्या निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाकडे काही ना काही कारण सापडतं.

तिसरी गोष्ट अंगावर काढलेल्या दुखण्याची. १९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी आपल्याच गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केल्याचा अभ्यास लॅन्सेट या इंग्लंडच्या साप्ताहिकात छापून आला. १०० पैकी ९२ बायकांना स्त्रीरोगाचं काही ना काही दुखणं निघालं, आणि त्याआधी तपासणी झालेल्या बायका १०० मध्ये फक्त ८. तो अभ्यास जगभर गाजला. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, हे बाईच्या जातीला असतंच असं म्हणून आपण सोडून देतो. त्यातलंच काही दुखणं वर चढून नळ्यांपर्यंत जातं आणि नळ्या बंद करतं. क्षयरोगही असंच करतो. क्षय म्हणजे फक्त खोकला नाही, तो पिशवीत आणि नळ्यांतही होतो, खोकला नसताना, ताप नसताना. आपल्या देशात लेकरू न होण्याचं ते एक मोठं कारण आहे. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, शिवाय पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. पण कोणी शोधलं तर.

आता त्या फाईलकडे येते. पुढच्या बैठकीला ताई फाईल घेऊन आली. पिशवीत गुंडाळलेली, चाळीस-पन्नास कागद, सगळे इंग्रजीत. मी बी.ए., मला त्यातलं निम्मं कळलं नाही. आशाताई आणि मी ती फाईल घेऊन एका ओळखीच्या डॉक्टरबाईंकडे गेलो, ताई सोबत होतीच. डॉक्टरबाईंनी चार वर्षं जुना सोनोग्राफीचा कागद काढला. त्यावर लिहिलं होतं की दोन्ही नळ्या बंद आहेत आणि एका नळीत पाणी भरलं आहे. ते पाणी झिरपून पिशवीत येतं आणि चिकटू पाहणाऱ्या गर्भाला मारतं. अशा वेळी टेस्ट ट्यूब यशस्वी होण्याची शक्यता जवळपास निम्म्यावर येते, म्हणून आधी ती नळी काढतात किंवा बांधतात, मग पुढची खेप करतात. हे तिला कोणी मराठीत सांगितलं नव्हतं. कदाचित सांगितलं असेल आणि घाईत तिला कळलं नसेल, मी तिथं नव्हते. पण दोन खेपा त्या पाण्यासह झाल्या. क्षयाची तपासणीही फाईलमध्ये कुठे नव्हती.

आता तुम्हीच सांगा, ९० दिवसांचा काढा त्या नळीचं काय करणार होता? दोन्ही नळ्या पक्क्या बंद असतील, वीर्यात शुक्रजंतू मुळीच नसतील, पिशवीच्या आत गाठ असेल, किंवा वयाआधी बीजं संपली असतील, तर पोटात घेतलेल्या औषधानं ते सुटत नाही, मग ते आयुर्वेदाचं असो की दुसरं कोणतं. उत्तरबस्तीनं नळी उघडली असे दावे करणारे छोटे छोटे प्रयोग छापून येतात, पण पक्का भरवसा ठेवावा असा पुरावा नाही. जिथं पाळी अनियमित आहे, भूक-झोप बिघडली आहे, खाणं अपुरं आहे, किंवा सगळे रिपोर्ट चांगले असून कारण सापडत नाही, तिथं चांगल्या वैद्याकडे जाण्यात हरकत नाही. त्यानं पुढची खेप नक्की यशस्वी होते असं मात्र कोणी सांगितलं तर उठून यायचं.

मग शेजारच्या गावातल्या वहिनीला टेस्ट ट्यूब फसल्यावर पुडीनं दिवस गेले, ते कसे? हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत विचारतात. बघा, नळ्या उघड्या असतील आणि दोघांच्या बीजात थोडं जरी बळ असेल तर काही जोडप्यांना टेस्ट ट्यूबनंतर आपोआपही दिवस जातात, काहीही न घेता. त्या महिन्यात जे चालू असेल त्याला श्रेय मिळतं. पुडी चालू असेल तर पुडीला, नवस असेल तर देवाला. ज्या शंभर जणींना पुडीनं काही झालं नाही, त्या बाजारात येऊन सांगत नाहीत.

पुडीचं अजून एक सांगायचं आहे. २०११-१२ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात सहा गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडलं. त्यांनी भारतात तयार झालेली आयुर्वेदिक औषधं घेतली होती. शिसं नाळेतून बाळापर्यंत जातं आणि त्याच्या मेंदूला इजा करतं. म्हणजे ज्या बाळासाठी औषध घेतलं त्यालाच विष. भस्म, रस असं नाव असलेली औषधं धातूंपासून बनतात, ती दिवस जाण्याच्या प्रयत्नात असताना स्वतःच्या मनानं घेऊ नयेत. ज्या बाटलीवर कारखान्याचं नाव, परवाना क्रमांक, बॅच नंबर, तारीख आणि आत काय आहे ते लिहिलेलं नाही, ती घेऊ नका. कागदात बांधलेली पुडी तर नकोच. पाळी चुकली की आधी तपासणी करायची आणि चालू असलेलं सगळं वैद्याला विचारून थांबवायचं. पंचकर्म तर लगेच बंद.

कायद्याचंही थोडं. १९५४ चा एक कायदा आहे औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबद्दल. त्यातल्या यादीत बाईचं वंध्यत्व आहे. म्हणजे ते बरं करतो अशी जाहिरात करणंच गुन्हा आहे, ते बाजारातलं पत्रकही. मुलगाच होईल असं औषध देतो म्हणणारा तर दुप्पट खोटा. मुलगा की मुलगी हे गर्भ राहतो त्याच क्षणी पुरुषाच्या शुक्रजंतूवरून ठरतं, नंतर कोणतंही बी दुधातून खाल्ल्यानं बदलत नाही. आणि एक गोष्ट आवाज खाली न करता सांगते. मूल होत नसलेल्या बाईला दैवी शक्तीनं लेकरू देतो असं म्हणून तिच्याशी शरीरसंबंध ठेवणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात वेगळा नाव घेऊन लिहिलेला गुन्हा आहे. कायद्यात ते वेगळं लिहावं लागलं, यावरून समजा. कोणी एकांतात पूजेला बोलावलं तर जायचं नाही. घडलं असेल तर त्यात बाईचा दोष नाही, पोलिसांत तक्रार करता येते, आणि गट सोबत येईल.

टेस्ट ट्यूबच्या दवाखान्यांसाठी २०२१ पासून कायदा आहे. दवाखान्याची नोंदणी असलीच पाहिजे, बाईचं वय ५० च्या आत आणि पुरुषाचं ५५ च्या आत असावं लागतं. आपली फाईल मागण्याचा आपल्याला हक्क आहे. फसलेल्या खेपेनंतर डॉक्टरांना हे विचारायचं : किती बीजं निघाली, किती गर्भ झाले, ते कसे होते, पिशवीचं अस्तर किती होतं, गर्भ शिल्लक ठेवले आहेत का, नळ्यांत पाणी आहे का, क्षय, थायरॉईड, साखर तपासली का. लिहून न्या आणि उत्तरं मराठीत मागा. डॉक्टर चिडले तर चिडू द्या. वय ३५ च्या पुढे असेल तर नुसत्या काढ्यांवर वर्ष घालवू नका, त्या वयात एक वर्ष फार महाग असतं. तीन महिने ठरवा, आणि तीन महिन्यांनी दोन्ही डॉक्टरांना, वैद्यालाही आणि टेस्ट ट्यूबवाल्यांनाही, एकमेकांचे कागद दाखवा.

दत्तकाबद्दलही विचारणा होते. ती नोंदणी कारा या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर होते, लग्नाला दोन वर्षं झालेली असावी लागतात. त्यावर वेगळं बोलू, घाईत सांगण्याचा तो विषय नाही.

आमच्या ताईचं काय झालं? गटानं तिला कर्ज दिलं, पण १२,००० चं, आणि अर्जावर कारण खरं लिहिलं : उपचार. त्यात तपासण्या झाल्या. क्षय निघाला नाही. नवऱ्याचीही तपासणी झाली, त्याचे शुक्रजंतू कमी निघाले. तो दोन दिवस घरात बोलला नाही, मग खर्रा कमी केला, सोडला म्हणत नाही मी. दुसऱ्या लग्नाची कुजबुज त्या कागदानंतर आपोआप थांबली. पाणी भरलेली नळी काढण्याचं ऑपरेशन यंदा दिवाळीनंतर झालं. तिसरी खेप करायची की नाही, हे दोघांचं अजून ठरलेलं नाही. वावर आधी सोडवायचं म्हणते. शासकीय आयुर्वेद रुग्णालयातल्या वैद्यांनी दिलेली शतावरी ती रात्री दुधातून घेते, डॉक्टरबाईंना विचारून. लेकरासाठी घेतेस का, असं मी परवा विचारलं. "नाही वं," म्हणाली, "झोप लागते." हप्ता तिनं या महिन्याचाही वेळेवर भरला आहे.